नोंद नाही

जॉन लॉक मला कॉलेजात दोनदा शिकवला गेला, आणि दोन्ही वेळा तो वेगळाच माणूस होता. सकाळी तत्त्वज्ञानाच्या तासाला तो कोऱ्या पाटीचा लॉक. जन्माला येताना मन कोरं असतं, त्यावर जे उमटतं ते अनुभवातून उमटतं, एवढं लिहिलं की टीप पूर्ण. दुपारी राज्यशास्त्राच्या तासाला तो कराराचा लॉक. जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता हे माणसाचे नैसर्गिक हक्क. सरकार चालतं ते लोकांच्या संमतीनं. सरकारनं विश्वास मोडला तर लोकांना ते बदलता येतं. वह्या वेगळ्या, सर वेगळे, गाइडंही वेगळी. हे दोघं एकाच डोक्यातून निघालेत आणि एकाच्या पोटात दुसरा आहे, हे कुणी सांगितलं नाही. मलाही विचारायचं सुचलं नाही.

तिसरा लॉक फार उशिरा भेटला. हा हवामानाच्या नोंदी ठेवणारा. १६६६ साली ऑक्सफर्डला राहत असताना त्यानं उष्णतामापक, वायुभारमापक आणि हवेतला दमटपणा दाखवणारं एक यंत्र मांडलं आणि त्यांच्याकडे पाहून लिहायला सुरुवात केली. तारीख, वेळ, पारा कुठवर चढला, वारा कुठल्या दिशेचा आणि केवढा, आभाळ कसं. त्याचा ज्येष्ठ स्नेही, शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल, हवेवर एक पुस्तक तयार करत होता. बॉइल गेल्यानंतर, १६९२ साली ते निघालं आणि त्यात लॉकची ही नोंदवही छापली गेली. पानंच्या पानं आकडे आणि एकेका शब्दाचे शेरे. लॉक ऑक्सफर्डमध्ये नसला की त्या तारखा नाहीत.

ते रकाने बघताना मी थबकले, कारण अशी एक वही आमच्या घरात आहे.

अण्णा, माझे वडील, तहसील कचेरीत कारकून होते. कचेरीच्या आवारात तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक होता. वर नरसाळं, आत बाटली. सकाळी साडेआठ ही त्याची वेळ. अण्णा बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचे, ते सपाट फरशीवर ठेवायचे आणि मग स्वतः गुडघ्यांवर बसायचे, डोळा पाण्याच्या पातळीला येईपर्यंत. ‘कडेला पाणी काचेला धरून वर चढतं, ते धरायचं नाही. मधला खोलगट भाग धरायचा,’ असं त्यांनी मला दाखवलं तेव्हा मी तिसरीत असेन. उभ्यानं वाचलं की आकडा बदलतो. फार वाकून वाचलं तरी बदलतो. मग खिशातलं पेन काढून ते कचेरीच्या रजिस्टरात आकडा लिहायचे, आणि संध्याकाळी घरी आल्यावर तोच आकडा स्वतःच्या वहीत. चुकलं तर खोडायचं नाही, एक सरळ रेघ मारायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं तेही वाचता येतं.

एका ऑगस्टमध्ये त्यांना टायफॉइड झाला. अकरा दिवस बाटलीकडे कुणी पाहिलं नाही. कामावर रुजू झाले त्या सकाळी त्यांनी साठलेलं सगळं पाणी मोजलं, त्या तारखेपुढे आकडा लिहून ‘मागील दिवसांसह एकत्रित’ असा शेरा मारला, आणि मागच्या अकरा रकान्यांत अकरा वेळा लिहिलं, ‘नोंद नाही’. वर पाठवायचा तक्ता तयार होताना वरिष्ठ म्हणाले, ‘भाऊसाहेब, एकूण आकडा आहे ना हाताशी? शेजारच्या तालुक्याचं बघून वाटून टाका. तक्ता भरलेला दिसला पाहिजे.’ अण्णा म्हणाले, ‘साहेब, पाऊस पडला एवढं मला ठाऊक आहे. कुठल्या दिवशी किती पडला आणि उन्हानं किती उडून गेला, ते ठाऊक नाही.’ त्यांना मेमो मिळाला. त्यांनी तो घडी घालून त्या पानात ठेवला. अजून तिथंच आहे.

या वहीच्या वाटेनं मी लॉककडे परत गेले.

त्याचा काळ डोळ्यांपुढे आणल्याशिवाय तो कळत नाही. जन्म १६३२ चा, सॉमरसेटमधल्या रिंग्टन गावचा. वडील खेड्यातले वकील. राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं तेव्हा ते पार्लमेंटच्या बाजूनं घोडदळात लढले. मुलगा लंडनला वेस्टमिन्स्टर शाळेत. ३० जानेवारी १६४९ ला त्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर, व्हाइटहॉलला, पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. मुख्याध्यापक बझ्बी राजनिष्ठ होते. त्या दिवशी शाळेत राजासाठी प्रार्थना झाली. सोळा वर्षांचा लॉक त्या शाळेचा विद्यार्थी होता. घरी पार्लमेंट, शाळेत राजा, आणि दोन्हीकडची माणसं देवाचा हवाला देऊन बोलणारी. देवाच्या मनात काय आहे हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या पक्केपणापायी गावंच्या गावं कापली गेली होती.

अशा घडणीतून निघालेला लॉक लगेच सहिष्णुतेचा कैवारी झाला असेल असं वाटतं, पण तसं झालं नाही. १६६० मध्ये राजेशाही परत आली त्या सुमारास त्यानं लिहिलेलं लेखन राजाच्या बाजूचं आहे. प्रार्थनेच्या वेळी अंगरखा कोणता घालायचा, गुडघे टेकायचे की नाही, अशा ज्या गोष्टी देवानं ठरवून दिलेल्या नाहीत त्या राजानं ठरवाव्यात आणि सगळ्यांनी मुकाट पाळाव्यात, असं त्याचं म्हणणं. दंगलींना विटलेल्या माणसाचा तो सूर आहे. एकच रीत ठेवा, बाबांनो, पण शांत राहा.

मग १६६५ च्या हिवाळ्यात तो एका राजदूताचा चिटणीस म्हणून क्लीव्हला गेला. हे गाव आज जर्मनीत आहे. तेव्हा ब्रांडेनबुर्गच्या ताब्यात होतं. कॅल्विनपंथी, लुथरपंथी आणि कॅथलिक तिथं एकाच गावात नांदत होते. लॉकच्या आजवरच्या समजुतीप्रमाणे तिथं रोज डोकी फुटायला हवी होती. त्यानं बॉइलला पत्र लिहून कळवलं की चर्चमधलं अंतर यांच्या घरांत शिरत नाही, स्वर्गाची वाट ज्यानं त्यानं निवडावी अशी मुभा हे एकमेकांना निमूटपणे देतात, आणि धर्मावरून भांडण झालेलं मला काही दिसलं नाही.

त्याच्या सगळ्या ग्रंथांपेक्षा मला हे पत्र मोलाचं वाटतं. तेहतीस वर्षांचा, शिकलेला, आपलं मत लिहून बसलेला माणूस परक्या गावात जातो, रस्त्यात, घरांत काय चाललंय ते बघतो, आणि जे दिसलं ते आपल्या मताविरुद्ध आहे म्हणून गाळत नाही. दोनच वर्षांत, १६६७ मध्ये, त्यानं सहिष्णुतेच्या बाजूनं लांब टिपण लिहिलं. अनुभववाद म्हणून पुढे जो काही मोठा वाद झाला, त्याचं मूळ मला या थंडीतल्या प्रवासात दिसतं.

इंग्लंडला परतल्यावर त्याची गाठ अँथनी ॲश्ली कूपरशी पडली, जो पुढे शाफ्ट्सबरीचा अर्ल झाला. लॉक त्याच्या लंडनच्या घरी राहायला गेला, घरचा वैद्य म्हणून. थॉमस सिडनहॅम या डॉक्टरबरोबर तो रुग्ण बघत फिरायचा. सिडनहॅमचा भर ग्रंथांतल्या उपपत्तींपेक्षा खाटेवरच्या माणसाकडे नीट बघण्यावर. १६६८ साली लॉकच्या देखरेखीखाली ॲश्लीच्या यकृतातलं गळू फोडून आत चांदीची नळी बसवली गेली. त्या काळात अशा शस्त्रक्रियेतून माणूस वाचणं हीच नवलाची गोष्ट, आणि ॲश्ली त्यानंतर चौदा वर्षं जगला.

१६७१ च्या सुमारास लॉकच्या खोलीत पाच-सहा मित्र जमले होते. नीती आणि धर्म यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं आणि गाडी अडली. कुठल्याही बाजूनं गेलं तरी अडचण. तेव्हा लॉकला वाटलं, आपण चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतोय. या विषयात शिरण्याआधी आपल्या बुद्धीचा आवाका तपासला पाहिजे. कुठल्या गोष्टी तिच्या हातात मावतात आणि कुठल्या नाही. एका कागदात उरकेल असं वाटलेलं हे काम जवळजवळ वीस वर्षं चाललं, आणि १६८९ च्या अखेरीस मानवी आकलनावरचा त्याचा निबंध बाहेर पडला.

एवढा जाडजूड ग्रंथ वाचून माझ्याजवळ राहिलेत ते त्यातले साधे दाखले. आपल्या आत जो दिवा लावून ठेवलाय, त्याचा उजेड आपल्या कामापुरता पुरेसा आहे, असं तो म्हणतो. भर ऊन पडल्याशिवाय कामाला हात लावणार नाही, असं म्हणणाऱ्या आळशी गड्याची सबब कोण ऐकून घेईल? खलाशाला आपल्या दोराची लांबी ठाऊक असली म्हणजे झालं. त्या दोरानं समुद्राचा तळ सगळीकडे लागत नाही, पण गलबत खडकावर जाऊ नये एवढं त्यानं कळतं. अननसाची चव शब्दांनी कुणाला देता येते का, करून पाहा, असंही तो एका ठिकाणी सांगतो. आणि सयामच्या राजाची गोष्ट. डच वकील राजाला हॉलंडच्या नवलकथा सांगत असे. एकदा तो म्हणाला, आमच्याकडे थंडीत पाणी इतकं घट्ट होतं की माणसं त्यावरून चालतात, तुमचा हत्ती आणला तर तोही चालेल. राजा म्हणाला, आजवर तुझ्या विचित्र गोष्टी मी खऱ्या मानल्या, कारण तू सभ्य माणूस वाटलास; आता मात्र माझी खात्री झाली की तू खोटं बोलतोस.

या गोष्टीशी मी पुष्कळ दिवस रेंगाळले. राजाचं काय चुकलं? काहीच नाही. जन्मभर पाणी वाहताना पाहिलं, त्यावरून त्यानं अंदाज बांधला, आणि लॉकचीही शिकवण हीच की अनुभवावरून अंदाज बांधा. तरी वकील खरं बोलत होता. म्हणजे अनुभव हा एकच रस्ता आहे, आणि तो रस्ता आखूड आहे, ही दोन्ही वाक्यं लॉक एका दमात म्हणतो. माणसाचं रोजचं बहुतेक सगळं चालतं ते संधिप्रकाशात, असा त्याचा शब्द आहे. पुस्तकात ‘कोरी पाटी’ वाचलेल्या मला हा संधिप्रकाश कुणी दाखवलाच नव्हता. तसं पाहिलं तर त्या निबंधात पाटीही नाही, ‘पांढरा कागद’ आहे. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. पाटी ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा कोरी करता येते. कागदावर उमटलेलं राहतं. फार तर त्यावर एक रेघ मारता येते.

त्याच ग्रंथात एक हिंदी तत्त्वज्ञही येऊन जातो. पृथ्वी कशावर? हत्तीवर. हत्ती कशावर? मोठ्या कासवावर. आणि कासव? तेव्हा तो म्हणतो, आहे काहीतरी, काय ते मला ठाऊक नाही. पहिल्यांदा वाचताना मला राग आला, आपल्या कूर्माची ही थट्टा म्हणून. पुन्हा वाचल्यावर कळलं की रोख युरोपातल्या पंडितांवर आहे. ‘द्रव्य’, म्हणजे वस्तूच्या गुणांना खालून आधार देणारं काहीतरी, या भारदस्त शब्दाआड ते जे लपवतात ते त्या हिंदी माणसाच्या उत्तराहून तसूभरही जास्त नाही, असं त्याला म्हणायचंय. मला विचाराल तर त्या गोष्टीत शेवटचं उत्तर सगळ्यात प्रामाणिक आहे. हत्ती आणि कासव हे शेजारच्या तालुक्याचं बघून भरलेले आकडे. ‘ठाऊक नाही’ ही खरी नोंद.

इथवरचा लॉक ज्ञानाचा. सत्तेचा लॉक यातच बसलेला आहे, आणि कॉलेजात नेमकं हे सुटलं.

निबंधाचा पहिला भाग ‘जन्मजात तत्त्वं’ खोडून काढण्यात गेलाय. काही सत्यं देवानं माणसाच्या मनावर जन्माआधीच कोरून ठेवलेली असतात, असं तेव्हा पुष्कळ जण मानत. लॉक विचारतो, मग ती लहान मुलांना का ठाऊक नसतात? वेगवेगळ्या देशांत ती वेगवेगळी का? आणि पुढे तो सांगतो की दाईनं किंवा घरातल्या म्हातारीनं लहानपणी भरवलेली एखादी समजूत, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या माना डोलल्या आणि वर्षं लोटली की हळूहळू ‘तत्त्व’ म्हणून मिरवू लागते. याचा फायदा कुणाला? ज्यांना गुरू आणि धनी व्हायचंय त्यांना. तत्त्वाला प्रश्न विचारायचा नाही, हेच एकदा सगळ्यात मोठं तत्त्व करून ठेवलं की लोक स्वतःची बुद्धी वापरायचं सोडतात, आणि मग त्यांना हवं तसं वळवता येतं. हे ज्ञानाच्या ग्रंथात लिहिलेलं आहे. मी ते राज्यशास्त्राच्या वहीत शोधत होते.

याची दुसरी बाजू त्याच्या राज्यकारभारावरच्या दोन प्रबंधांत. त्यातला पहिला प्रबंध आज कुणी वाचत नाही, कारण तो सर रॉबर्ट फिल्मर नावाच्या, आता विसरल्या गेलेल्या माणसाचं खंडन आहे. फिल्मर म्हणे, देवानं आदमला सगळ्या पृथ्वीचं धनीपण दिलं, बाप म्हणून मुलांवर सत्ता दिली, आणि ती सत्ता वारशानं उतरत उतरत राजांकडे आली. तो १६५३ मध्ये वारला होता, पण १६८० साली राजाच्या पक्षानं त्याचं पुस्तक छापून पुढे केलं. लॉक त्याला उत्तर देतो ते एखाद्या तलाठ्यासारखं. आदमला अधिकार दिल्याचा लेख दाखवा. दिला असला तर तो वारसाकडे जातो याचा पुरावा दाखवा. जात असला तर आज आदमचा वारस कोण, ती वारसनोंद दाखवा. नोंद नाही, मग ताबा कशाच्या आधारावर? जगात सत्ता असावी की नाही, ती आली कुठून, यावरून माणसं लढली नाहीत, ती कुणाकडे असावी यावरून लढली, असं तो त्या प्रबंधात म्हणतो. वारसाचं प्रकरण त्यातलं सगळ्यात लांब आहे. वाचताना कंटाळा येतो, पण त्या कंटाळ्यात एका राजघराण्याचा पाया उकरला जातोय.

दुसरा प्रबंध सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून त्यावर फार रेंगाळत नाही. सत्ता म्हणजे विश्वस्ताकडे दिलेली ठेव. मुखत्यारपत्र ज्यानं दिलं, त्यालाच ते परत घ्यायचा अधिकार. विश्वास मोडला की नाही हे कोण ठरवणार, असं विचारलं तर लॉकचं उत्तर सरळ आहे: लोक ठरवतील. अमर्याद राजसत्ता का नको, तर तिथं राजा स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश असतो. शेजाऱ्यांचा त्रास टाळायला सगळे हक्क एका सर्वसत्ताधीशाच्या हाती देणारी माणसं म्हणजे कोल्ह्या-रानमांजरांपासून जपणारी आणि सिंहाच्या तोंडी जायला सुरक्षितता समजणारी, असं तो लिहितो. या तर्काच्या मागे मला तो दिवा दिसतो. राजाच्या आत लावलेला दिवाही तेवढ्याच वातीचा आहे. त्यालाही संधिप्रकाशातच चालायचंय. त्याच्या दोराची लांबी इतरांच्या दोरापेक्षा जास्त आहे असं मानायला काही पुरावा नाही, तर मग त्याच्या हातात कुणी न तपासण्याइतकी सत्ता कशी द्यायची?

हे मी लॉकच्या तोंडी घालतेय असं वाटू नये. आकलनावरच्या निबंधाच्या चौथ्या भागात एक उतारा आहे. आपण जे जे मानतो त्या सगळ्याच्या खरेपणाचा आणि जे जे धिक्कारतो त्या सगळ्याच्या खोटेपणाचा बिनतोड पुरावा हाताशी असलेला माणूस आहे तरी कुठे, असं तो विचारतो. तसा कुणी नसेल, तर आपण एकमेकांच्या अज्ञानाकडे कणवेनं पाहावं, आणि ते दूर करायचं तर सौम्य, सरळ मार्गानं, समजावून करावं. हा उतारा सापडला त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन वेगवेगळ्या तासांना शिकवलेली दोन माणसं एका परिच्छेदात एकत्र आली होती.

सहिष्णुतेवरचं त्याचं पत्र याच मुळावर वाढलंय. ते त्यानं परागंदा असताना लिहिलं. १६८३ मध्ये राजाला विरोध करणाऱ्या शाफ्ट्सबरीच्या गटातली माणसं पकडली जाऊ लागली. अल्गर्नन सिडनीवर राजद्रोहाचा खटला झाला. कायद्यानं दोन साक्षीदार लागत आणि मिळाला होता एकच, म्हणून त्याच्या घरी सापडलेलं, अनियंत्रित राजसत्तेविरुद्धचं हस्तलिखित दुसरा साक्षीदार म्हणून उभं केलं गेलं. डिसेंबरात त्याचा शिरच्छेद झाला. लॉकच्या टेबलावरही तसेच कागद होते. तो आधीच हॉलंडला निघून गेला होता. पुढच्या वर्षी राजाच्या हुकमानं ऑक्सफर्डमधली त्याची जागा गेली. ॲम्स्टरडॅममध्ये तो काही काळ ‘डॉक्टर व्हान डर लिंडन’ असं नाव घेऊन लपून राहिला. १६८५ च्या ऑक्टोबरात फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं प्रॉटेस्टंटांना दिलेलं अभय काढून घेतलं आणि घरदार सोडून माणसं हॉलंडमध्ये येऊ लागली. त्या हिवाळ्यात लॉकनं आपला मित्र लिंबोर्ख याला उद्देशून लॅटिनमध्ये हे पत्र लिहिलं.

त्यातला युक्तिवाद एखाद्या वैद्याचा वाटतो. सरकारच्या हातात कोणतं साधन आहे? जबरदस्ती. श्रद्धा कशानं बनते? आतून पटण्यानं. जबरदस्तीनं माणसाला मान हलवायला लावता येतं, पटवता येत नाही. म्हणजे या रोगावर हे औषध लागूच पडत नाही. सरकारनं जीव, स्वातंत्र्य, शरीराचं आरोग्य, जमीनजुमला यांचं रक्षण करावं. आत्म्याची काळजी त्याच्याकडे सोपवलेली नाही.

आणि आता जे लिहायचंय ते मला जड जातं. याच पत्रात नास्तिकांना सहन करू नये असं म्हटलंय. देव न मानणाऱ्याच्या शपथेला किंमत काय, म्हणून. परक्या सत्तेशी निष्ठा बाळगतात या कारणानं कॅथलिकांवरही त्याचा रोख आहे. त्याहून खोल जखम दुसरी आहे. दोन प्रबंधांचं पहिलंच वाक्य असं की गुलामगिरी ही माणसाची इतकी नीच आणि दीन अवस्था आहे की कुणी इंग्रज तिची बाजू घेईल ही कल्पनाही करवत नाही. हे लिहिणाऱ्या लॉकनं त्याआधी गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे गुंतवले होते. अमेरिकेतल्या कॅरोलायना वसाहतीच्या मालकांचा तो चिटणीस होता. १६६९ च्या त्या वसाहतीच्या घटनेत प्रत्येक स्वतंत्र नागरिकाला आपल्या निग्रो गुलामांवर संपूर्ण सत्ता दिलेली आहे, आणि त्या मसुद्याला लॉकचा हात लागलेला आहे. म्हातारपणी, १६९७ मध्ये, व्यापार मंडळाचा सदस्य म्हणून त्यानं गरिबांच्या तीन ते चौदा वर्षांच्या मुलांना कामाच्या शाळांत घालावं अशी शिफारस केली.

काळच तसा होता, असं म्हणून हे झाकायला मी तयार नाही. क्लीव्हच्या रस्त्यांवर डोळे उघडे ठेवून फिरलेला माणूस अमेरिकेबद्दल लिहिताना मात्र प्रवासवर्णनांवर विसंबला आणि जिथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या मका पिकवत होती ती जमीन त्यानं पडीक धरली. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या एका तरी माणसाशी तो बोलला असता तर, असा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याच्याच कसोटीवर त्याची ही पानं नापास होतात. जे पाहिलं नाही ते त्यानं भरून टाकलं, आणि भरलं ते मालकांच्या सोयीनं.

या विचारधारेचं पुढे काय झालं ते सांगायला मात्र मला पुण्याला यावं लागतं. हक्कांची ही भाषा शंभर वर्षांत अटलांटिक ओलांडून गेली, आणि टॉमस पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’ या १७९१ च्या पुस्तकातून तरुण जोतीराव फुल्यांच्या हाती आली. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. कॅरोलायनाच्या मसुद्यापासून या अर्पणपत्रिकेपर्यंत दोनशे चार वर्षं होतात. ज्या सत्तेकडे लॉकनं आदमची वारसनोंद मागितली, तिच्यासारखीच दुसरी एक सत्ता ब्रह्मदेवाच्या मुखाचा दाखला देत आपल्याकडे उभी होती. जोतीरावांनी तिलाही कागद मागितला.

लॉकच्या विचारातली एक फट स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं १७४८ साली दाखवली, तीही सांगायला हवी. लॉक म्हणतो, देशात राहता, रस्त्यावरून मोकळं फिरता, म्हणजे सरकारला तुमची मूक संमती आहे. ह्यूम विचारतो, झोपेत उचलून जहाजावर नेलेला माणूस समुद्रात उडी न मारता जहाजावर राहिला, म्हणून कप्तानाला त्याची संमती मिळाली काय? मला याचं उत्तर लॉकच्या पानांत सापडलेलं नाही. ह्यूमही अनुभवाचाच माणूस. इतिहासात करार कुठं झालेला दिसत नाही, दिसतात त्या लढाया आणि बळकावणी, असं तो म्हणतो. थोडे लोक पुष्कळांवर इतक्या सहज राज्य कसं करतात, याचं त्याला नवल वाटे. आणि सगळी राज्यं शेवटी लोकांच्या समजुतीवर उभी असतात, असं त्याचं उत्तर. ते ऐकलं की मला पुन्हा ती दाई, ती म्हातारी आणि माना डोलावणारे शेजारी आठवतात.

इंग्लंडात राजा बदलल्यावर, १६८९ च्या फेब्रुवारीत, पुढे राणी झालेल्या राजकन्या मेरीबरोबर एकाच जहाजातून लॉक इंग्लंडला परतला. दोन वर्षांनी दम्यामुळे लंडनचा धूर सोसेना म्हणून एसेक्समधल्या ओट्स या वाड्यात, लेडी डॅमरिस मॅशम यांच्या घरी तो राहायला गेला आणि शेवटपर्यंत तिथंच राहिला. तिथंही तो हवामान लिहीत होता. १६९२ सालच्या त्याच्या ओट्सच्या नोंदी पुढे रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापल्या गेल्या. साठीतला, धाप लागणारा माणूस, युरोपभर नाव झालेला, यंत्रापुढे उभा राहून वाऱ्याची दिशा लिहितोय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की मला आवारातले अण्णा आठवतात. त्यांची फरशीवर टेकलेली गुडघ्यांची जागा पावसाळाभर ओली असायची. पायजम्यावर दोन गोल डाग घेऊन ते कचेरीत शिरत.

एक नोंद मात्र लॉकनं आयुष्यभर दाबून ठेवली होती. दोन प्रबंध आणि सहिष्णुतेची पत्रं निनावी निघाली होती. लेखक कोण याची कुजबूज सगळीकडे होती. जवळच्या मित्रांनी विचारलं तरी तो कबूल होत नसे, चिडत असे. कागदालाच साक्षीदार म्हणून उभं केलं जाताना त्यानं पाहिलं होतं. १७०४ च्या शरदात, २८ ऑक्टोबरला मरण येण्याआधी काही आठवडे, त्यानं मृत्युपत्राला एक पुरवणी जोडली. निनावी निघालेली आपली पुस्तकं ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाला द्यावीत असं त्यात लिहिलं, त्यांची नावं एकेक करून नमूद केली, आणि ती आपण लिहिली आहेत असं लिहून ठेवलं.